माहीत असलेले दोष

डेल लिंडक्विस्ट बूट दारात काढून आत आला
आणि टेप उघडायच्या आधी त्यानं नाक वर केलं.
प्रत्येक घराला वास असतो, म्हणाला,
फक्त राहणाऱ्याला येत नाही.
एकवीस वर्षं झाली. मला खरंच येत नाही.

तेव्हापासून गालिच्यावर सोडा शिंपडतेय.
फ्रिजवरचं सगळं उतरवलं:
दातांच्या डॉक्टरची तारीख, पिझ्झाचं मुदत संपलेलं कूपन,
कॅलेबच्या हॉकी टीमचा फोटो,
त्यात तो मागच्या रांगेत, नेमके डोळे मिटलेला.
घेणाऱ्याला इथे स्वतःला बघता आलं पाहिजे, रीटा,
तुम्ही मध्ये येता कामा नये.
मी बाजूला झाले. अक्षरशः, एक पाऊल, सिंककडे.
तो हसला नाही.
पहिलंच घर का विकायचं, त्यानं विचारलं,
तेही आवाज खाली आणून,
जसं नर्स विचारते, पहिलंच का.

रंगाचं नाव ओटमील.
सगळ्या भिंतींना तोच, म्हणजे कुणाची तक्रार नको.
स्वयंपाकघराचा पिवळा मी घटस्फोटाच्या आठवड्यात दिला होता,
रात्री दोन वाजता, रोलर सापडेना म्हणून भांडी घासायच्या स्पंजनं.
त्यावर दोन हात मारले. वाळला की पिवळा परत वर,
अंगात मुरलेल्या तापासारखा.
तिसरा हात मारला.

मग फॉर्म. माहीत असलेले दोष, पानं चार.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे,
पण मिनेसोटात मूठ उघडून खाली सही करावी लागते.
तळघर: एप्रिलात बर्फ वितळतो तेव्हा उत्तरेच्या भिंतीतून पाणी.
किती? बादलीभर नाही. दोन टॉवेल.
हीटर: सुरू होताना दोनदा खोकतो, मग ठीक.
छप्पर: मोठ्या गारा पडल्या त्या वर्षी बदललं.
पाळीव प्राणी: होती. पर्च.
मागच्या दारावर तिच्या नखांच्या रेघा होत्या,
मीच घासून काढल्या, सँडपेपरचे तीन तुकडे लागले.
(तिसऱ्या तुकड्याला घराबाहेर जाऊन बसले होते,
तळ्यावरून वारा येत होता, लोखंडाचं एक जहाज
पुलाखालून इतकं हळू जात होतं की थांबलंय असं वाटावं.)
जिना: सातवी पायरी वाजते.

ही मात्र डेलनं खोडायला लावली. दुरुस्त करा, लिहू नका.
ऑर्विल आला, गुडघ्यावर बसला, दोन स्क्रू, चाळीस डॉलर.
तो गेल्यावर मी सातवीवर उभी राहून उडी मारली.
बावन्न वर्षांची बाई, हातात झाडू. पायरी गप्प.

आता हे कुणाला सांगू.
कॅलेब पंधराव्या वर्षी ती पायरी चुकवायला शिकला,
मी झोपलेय असं समजून, बूट हातात घेऊन.
मग मी चुकवलेली पायरी ऐकायला शिकले.
पाच, सहा, मध्ये एक लांब ढांग, आठ.
आला, असं कळायचं. कूस बदलायची.

काल त्याची गोदीवरची पाळी दीडला सुटली.
दार. किल्ल्या. नळ.
मी छताकडे बघत पडले होते,
ऑर्विलच्या दोन स्क्रूंचा राग धरून.
पाच, सहा.
ढांग.
आठ.

त्याला मी सांगितलंच नव्हतं.
भिंतीला हात लावू नकोस, मी ओरडले, ओली आहे.
माहितीये, तो म्हणाला.

सकाळी जिन्याच्या वळणावर, ओटमीलमध्ये,
चार बोटं. ढांग टाकताना तोल सावरलेली.
दहाला फोटोवाला येणार.
ब्रश ओट्याखाली, डब्यात थोडा रंग उरलेला.
मी आधी कॉफी केली.